भाऊंच्या पोटातली मशीन

माझ्या थोरल्या भावाच्या पोटात एक मशीन होती आणि आमच्या घरातलं कोणीतरी ती चोरून बंद करत होतं.

त्यांना सगळे भाऊच म्हणत. तामसीच्या बसच्या टपावरून ज्वारीचं पोतं उतरवताना ते पडले, तेव्हापासून कंबर ठणकायची ती थांबेना. शेवटी हैदराबादच्या डॉक्टरांनी पाठीत तार घातली आणि पोटाच्या कातडीखाली चपटी मशीन बसवली. मशीन चालू असली की कंबरेत मुंग्या येत आणि दुखणं दबून जाई. चालू-बंद करायला एक चुंबक दिलं होतं. ते पोटावर धरायचं, बस. वहिनी ते ट्रंकेत कुलपात ठेवत.

भाऊ पुन्हा शेतात जायला लागले. आम्ही आनंदानं गल्लीतला पहिला फ्रिज घेतला.

त्याच आठवड्यात भाऊ दुपारी पुन्हा विव्हळत आडवे झाले. मशीन बंद! वहिनींनी चुंबक लावून ती चालू केली. दोन दिवसांनी परत तेच. मग एकदा फ्रिजमधलं पाणी घेताना एवढा झटका बसला, की तांब्यातलं सगळं पाणी माझ्या अंगावर. आता पुन्हा ऑपरेशन करावं लागतं की काय, या धास्तीनं वहिनींनी जेवण सोडलं.

भाऊंनी मला बाजूला घेतलं. "दिल्या, खरं सांग. तू मशीन बंद करून राह्यला ना?"

"मी काऊन करू, भाऊ?"

"ट्रंकेची किल्ली कुठं असते, ते तुले मालूम आहे."

त्या दिवसापासून मी घरात शिरलो की भाऊ आधी माझे खिसे तपासत. (एकदा त्यात त्यांचीच सुपारी सापडली. त्यानं प्रकरण आणखी चिघळलं.) माझा संशय वेगळाच होता. निंदणीचे दिवस आले की भाऊंची कंबर नेमकी धरते, असं मी वहिनींच्या कानावर घातलं. वहिनींचा संशय फ्रिजवर. त्यातून करंट उतरतो म्हणून त्या रबरी चपला घालून दूध बाहेर काढत.

शेवटी भाऊंना रंगेहाथ पकडायचं ठरवून मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहिलो. भाऊ आले. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात आंबा घेतला आणि हात मोकळे नव्हते म्हणून फ्रिजचं दार पोटानं ढकलून लावलं. तसे ते ताडकन उडाले. आंबा माझ्या कपाळावर!

"पकडलं," मी ओरडलो.

"कोणाले?" भाऊ कण्हत म्हणाले.

ते मलाही सांगता येईना. मी तडक एसटीडी बूथ गाठला आणि हैदराबादच्या डॉक्टरांना सगळं जसंच्या तसं सांगितलं.

"अरे बाबा, फ्रिज के दरवाज़े के रबर में चुंबक रहता," डॉक्टर म्हणाले. "पेट लगा तो मशीन कभी बंद, कभी चालू. इतना नहीं समझा? घर में कोई पढ़ा-लिखा है कि नहीं?"

मी बूथचं दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"नहीं साब," म्हटलं आणि फोन ठेवला. तलमडुगूच्या शाळेत विज्ञान मीच शिकवत होतो. चुंबकाचा धडा तर माझा विशेष आवडता.