बारा पोतडे

मामा गेले त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी त्यांनी दाढी केली आणि दुपारी ते गेले. तेव्हापासून गंगाखेडात कापड गालानं ओळखणारा माणूस उरलेला नाही. आधीही दुसरा नव्हता. गंगाखेडातच काय, सबंध जिल्ह्यात नसावा.

हे माझ्या पत्नीचे मामा. आईवडील लहानपणीच गेल्यामुळे त्यांनीच तिला वाढवलं होतं. मामांचं लग्न झालेलं नव्हतं. त्यामुळे हिचं माहेर म्हणजे मामा, आणि ते माहेर आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे होतं. निजामाच्या राज्यात ते कचेरीत कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर इतकं देखणं होतं, की वरचे साहेब नामंजूर केलेला अर्जसुद्धा पुन्हा एकदा पाहायला मागत, असं ते स्वतः सांगत. पोलीस ॲक्शन झाली, दप्तर मराठीत आलं, आणि त्या अक्षराचं काम संपलं. मामांना वेळेआधी घरी बसवण्यात आलं. त्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त मराठी लिहिताना ते प्रत्येक ओळीनंतर थांबत आणि पाहुण्याच्या घरी बसल्यासारखे अंग चोरून बसत.

कचेरीतली एकच वस्तू त्यांनी घरी आणली होती, ती म्हणजे डोक्यावरचा रुमाल. आमच्याकडे पागोट्याला रुमाल म्हणतात. हा रुमाल मलमलीचा होता. नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी तो पहिल्यांदा बांधला, आणि तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास आरशासमोर उभं राहून ते तो बांधत. कचेरी गेली तरी बांधणं चालू राहिलं. रुमाल बांधून ते बाजारातून निघाले की जुने लोक अजून उठून उभे राहत. मामा म्हणत, "हे मला न्हाई उठायले, रुमालाला उठायलेत." पण म्हणताना त्यांची मान जरा ताठ होई.

कापडाचा नाद त्यांना कुठून लागला, कोण जाणे. कुठलंही कापड हाती आलं की ते आधी डाव्या गालाला लावत. डावा गाल सुतासाठी आणि उजवा रेशमासाठी, अशी वाटणी होती. रेशीम आमच्या कोणाच्याच घरात येत नसल्यामुळे उजवा गाल बहुधा रिकामाच असे. दाढी करताना डाव्या गालावर वस्तरा दोनदा फिरे. मग कापड उजेडात धरायचं, त्यातून फुंकर मारायची, आणि कडेला एक बोटभर चीर देऊन कानाशी धरायचं. त्यांच्या मते कापड फाटताना बोलतं. नवं कापड ओरडतं, जुनं कुरकुरतं, आणि खरं चांगलं कापड गप फाटतं. आमच्या घरातल्या बहुतेक पंच्यांना आणि उशांच्या अभ्र्यांना अशी बोटभर चीर होती. बाजारातले कापडवाले मामांना दुरून पाहिलं की ठाणं उचलून आत ठेवत.

आमच्या मुलीच्या वेळी हिला दिवस पूर्ण भरले नाहीत. भाद्रपदात, आठव्या महिन्यातच मुलगी झाली. माझ्या वितीपेक्षा जरा मोठी असेल. सुईण म्हणाली, जगंल, पण अंगाला जपा. कातडी इतकी पातळ होती, की बोट लावलं तरी लाल वळ उठे. मी शाळामास्तर. पगार निजामाच्या हाली नाण्यात आणि बाजारातले भाव हळूहळू हिंदुस्थानी कलदारात जाऊ लागलेले. त्यातून मी बालसंगोपनावरचं एक पुस्तक वाचलं होतं. त्यात फ्लॅनेलचे लंगोट सांगितले होते. फ्लॅनेलचा भाव विचारून मी दुकानातून नम्रपणे उतरलो आणि परवडणारा मांजरपाट घेऊन आलो. मामांनी तो डाव्या गालाला लावला आणि डोळे मिटले.

"जावईबापू," ते म्हणाले, "हे पोरीला नेसवायचं हाय का ह्यानं भांडी घासायचीत?"

"धुतल्यावर मऊ होईल," मी म्हणालो.

"होईल की. पोरगी शाळेत जाईपर्यंत होईल."

मग त्यांनी सगळं आपल्या हाती घेतलं. लंगोट हा शब्द त्यांना मुळातच चालत नव्हता. लंगोट पैलवानाचा असतो. बाळाचे ते पोतडे, हा कचेरीतून आणलेला उर्दू शब्द त्यांनी आमच्या घरात लागू केला. दुसरा नियम असा, की पोतड्याचं कापड जुनंच हवं, आणि तेही ज्यानं भरपूर आयुष्य काढलंय अशा माणसाचं. त्याची ऊब लेकराला लागते. त्यासाठी मामा मान वर करून गल्लीगल्लीतून वाळत घातलेली धोतरं पाहत हिंडू लागले. सरकारनं नवा कर बसवला की काय, म्हणून काही लोकांनी दोऱ्या काढून घेतल्या. आमच्या शेजारी नव्वदीच्या घरातले एक आजोबा होते. त्यांच्या धोतरावर मामांची नजर बसली. आजोबा म्हणाले, "मी नेसायलोय ना अजून. गेल्यावर घेऊन जा."

"गेल्यावर काय करू?" मामा म्हणाले. "गेलेल्याचं नको. नेसत्या माणसाचं पाहिजे."

आजोबांना ते इतकं पटलं, की त्यांनी आत जाऊन दुसरं नेसलं आणि अंगावरचं सोडून दिलं. त्याचे सहा पोतडे झाले. पण आठ-दहा दिवसांच्या पोरीला सहांनी काय होणार? पाऊस लागलेला, ऊन नाही. शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर आम्ही ते वाळवत होतो. एक वाळेपर्यंत दुसरे पाच ओले होत. तेव्हा मामांनी पेडगावच्या आपल्या मित्राला, एका शेतकरी पाटलांना, चिठ्ठी लिहिली. मराठीत. 'घरी बाळंतीण आहे. बारा पोतडे पाठवावेत. जुने चालतील, किंबहुना जुनेच असावेत. धुतलेले व मऊ असावेत. फार निकड आहे.'

चौथ्या दिवशी पाटील स्वतः रेल्वेनं आले. डोक्यावर भलामोठा गठ्ठा होता. तो त्यांनी ओसरीवर टाकला आणि ओसरी धुळीनं भरली. ज्वारी भरायची बारा पोती होती.

"धा घरची हायत, दोन शेजाऱ्याची," पाटील घाम पुसत म्हणाले. "मऊ पायजेत म्हनून लिवलं व्हतं, तवा वढ्यावर नेऊन तीन तीन डाव आपटली. बायको म्हनली, गंगाखेडच्या लोकांला धुतल्याबिगर पोतं चालत न्हाई काय. म्या म्हनलं, बाळंतिणीचं घर हाय, असंल काई तरी."

मामांनी एका पोत्याचं तोंड उघडून आत पाहिलं. "पाटील, मी पोतडे लिहिलं होतं."

"मंग हे काय हाय?"

"पोतडे म्हणजे ल्हान लेकराचे. खालचे."

"लंगोट म्हना की मंग."

"लंगोट पैलवानाचा असतो."

"आन पोतडं कुनाचं असतं?" पाटलांनी विचारलं. आतून हिच्या हसण्याचा आवाज आला. बाळंतपणानंतर ही पहिल्यांदा हसली होती. मामांनी तेवढ्यावरून पाटलांसाठी पुन्हा चहा ठेवायला लावला. मग त्यांनी एका पोत्यावर तांब्याभर पाणी ओतलं, खिशातलं घड्याळ काढून वेळ धरला, आणि शेवटी पोतं डाव्या गालालाही लावलं. एवढी मेहनत केलेल्या माणसाच्या वस्तूची परीक्षा न घेणं त्यांना बरं वाटेना. "पाणी चांगलं पितंय," ते म्हणाले. गालावर मात्र रेघोट्या उठल्या होत्या. पोती आम्ही बाळंतिणीच्या खोलीच्या दाराखिडक्यांना पडद्यांसारखी लावली. पाटलांनी तीन डाव आपटल्यामुळे ती खरोखरच छान पडत होती, आणि त्या पावसाळ्यात खोलीत वारं शिरलं नाही.

पण त्याच आठवड्यात मुलीच्या मांड्या सोलवटल्या. शेगडीवर वाळलेलं धोतर कडक होत होतं. ती दूध ओढायची सोडून रडे, आणि रडायचीही ताकद नव्हती, म्हणून नुसतं तोंड उघडे. सुईण म्हणाली, "जखम चिघळली तर माझ्या हाती काई न्हाई. वाऱ्यासारखं कापड पायजे." ही माझ्याकडे पाहत होती आणि मी मांजरपाटाकडे. मामा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, त्यांनी डोक्यावरचा रुमाल उतरवला आणि मांडीवर घेऊन उलगडायला लागले. रोज अर्धा तास लागे बांधायला. उलगडायला काहीच वेळ लागला नाही.

"मामा, नको," ही म्हणाली. "तुमच्या कचेरीचा हाय तो."

"कचेरी कुठं हाय आता, बाई?" मामा म्हणाले. "वीस वर्षं रोज धुतलाय ह्याला. याच्याएवढं मऊ कापड गंगेच्या ह्या काठाला न्हाई. पोरगी आली त्याच दिवशी मला ठाऊक होतं. बोलवंना, इतकंच."

त्यांनी तो कानाशी धरून फाडला. बरोबर बारा तुकडे झाले. मी विचारलं, "काय म्हणालं कापड?"

"गप फाटलं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोडक्या डोक्यानं बाजारात गेले. मामांना बोडकं कोणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे असा माणूस असा दिसला तर त्याचा एकच अर्थ होतो. किराणा दुकानदार गल्ल्यावरून उठला आणि हळू आवाजात म्हणाला, "मामा, कोण गेलं?"

"गेलं कोणी न्हाई," मामा म्हणाले. "आलंय."

हेच उत्तर ते थेट गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटापर्यंत देत गेले. तरी अर्ध्या गावानं अर्धंच ऐकलं. संध्याकाळी लोक पडलेल्या चेहऱ्यानं समाचाराला आले. शेजारच्या घरून रीतीप्रमाणे पिठलं-भाकरी आली. मामांनी प्रत्येकाला आत नेलं, मलमलीत गुंडाळलेली मुलगी दाखवली आणि गूळ हातावर ठेवला. रडायची तयारी करून आलेली माणसं गूळ खात घरी गेली. ते पिठलं फार चांगलं झालं होतं. पाच-सहा दिवसांत मुलीच्या मांड्या भरून आल्या, आणि ती एवढ्या मोठ्यानं रडायला लागली, की शेजारच्या आजोबांनी आपलं धोतर परत मागण्याची धमकी दिली.

मामांनी पुन्हा रुमाल बांधला नाही. मी एकदा नवा घेऊन द्यायला निघालो, तर दुकानात त्यांनी सात ठाणं गालाला लावली आणि सातही परत केली. बाजारातले जुने लोक तरीही उठून उभे राहत. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात आलं असावं.

मंगळवारी त्यांच्यासाठी जे पांढरं कापड आणलं, ते रीतीप्रमाणे कोरं होतं, खळीचं. मामांनी ते दारातूनच परत पाठवलं असतं. हिनं ते मागून घेतलं आणि कोपऱ्यात बसून दोन्ही हातांनी चुरगळत राहिली. बाहेर लोक खोळंबले होते. कोणीतरी मला म्हणालं, त्यांना सांगा, उशीर होतोय. मी आत गेलो. "टोचंल त्यांना," ही म्हणाली. मी शेजारी बसलो आणि दुसरं टोक घेऊन चुरगळू लागलो.

मुलगी आता नऊ वर्षांची आहे. त्या बारांपैकी एक तुकडा आमच्या पेटीत आहे.