ताईचं झाकायचं काम

माझी थोरली बहीण बातम्यांच्या चॅनेलवर काम करते. पडद्यावरचं रक्त, मेलेल्यांचे चेहरे, अत्याचार झालेल्या पोरीबाळींचे चेहरे, सगळं अंधुक करायचं. तिकडे त्याला ब्लर करणं म्हणतात, आणि तो शब्द आमच्या घरात असा काही शिरला की विचारू नका. आईला मोतीबिंदू, तर ती म्हणायची, "सगळं ब्लर दिसतंय गं मला." वरच्या मजल्यावरची भांडखोर काकू जिन्यात दिसली की मी कुजबुजायचे, "ताई, हिला ब्लर कर ना!"

काम वाटतं तेवढं सोपं नाही. चेहऱ्यावर ब्लरचा पट्टा ठेवावा, तर माणूस मान वळवतो आणि पट्टा घसरतो. मग एकेक चित्र पुढे सरकवत बसायचं. लोकांनी जे बघू नये, ते ताईला सगळ्यांत जास्त बघावं लागायचं. कधी कधी ताट बाजूला सारायची. काय झालं विचारलं तर "कोयता" एवढंच म्हणायची.

त्या दुपारी बाजारात एका टेम्पोचा स्कूटरला धक्का लागला. लोकांनी टेम्पोवाल्याला खाली ओढलं आणि मारून टाकलं. भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत.

संध्याकाळी आई, मी आणि बाळ्या जेवत होतो. बाळ्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ, आईच्या गळ्यातला ताईत, मिशा फुटल्या तरी बाळच. टीव्हीवर ती मारहाण लागली. मेलेल्याचा चेहरा झाकलेला, बाकी सगळे उघडे. आणि मधोमध लोखंडी कांब घेऊन आमचा बाळ्या! त्याने ताट उचलून टीव्हीवर भिरकावलं.

ताई दारात आली तशी त्याने तिचे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. पुन्हा आपटलं. "सख्ख्या भावाला फासावर चढवतेस?" मी मध्ये पडले, तर कोपर मारून माझा ओठ फाडला हरामखोराने. मग पळून जायचं म्हणून बॅग भरायला आतल्या खोलीत गेला.

आईने काय करावं? पायातली चप्पल काढली आणि ताईलाच बडवायला लागली. "अख्ख्या दुनियेची तोंडं झाकतेस, कैदाशिणी! माझ्या एका लेकराचं झाकायला हात झडले होते तुझे?"

"झाकलं होतं गं," ताई म्हणाली. भुवईवरचं रक्त तिच्या डोळ्यात उतरत होतं. "साहेब म्हणाले, गर्दीतले चेहरे झाकायचे की नाही, तुझ्या मनावर. सगळ्यांत आधी बाळ्यालाच झाकलं. मग टेम्पोवाल्याचा चेहरा झाकायला घेतला. तो बोलत होता, आई. टीव्हीवर आवाज बंद केलेला, माझ्या कानात चालू होता."

"काय बोलत होता?"

"'दादा, पाणी द्या हो.' बाळ्याकडे बघून. बाळ्याने बाटली उघडली. त्याला दाखवून दाखवून स्वतः प्यायला, उरलेलं मातीत ओतलं आणि कांब घातली त्याच्या डोक्यात. पट्टा घसरायचा म्हणून ती चित्रं मी पुढेमागे करत बसले. बाटली उघडताना दिसला की वाटायचं, देतोय. दर वेळी वाटायचं, आता देतोय." ताईने पदराने डोळा पुसला. "मग बाळ्यावरचा पट्टा काढून टाकला मी. सगळ्यांचेच काढले."

आईच्या हातातली चप्पल खाली पडली.

"आई, माझा स्वेटर कुठाय?" बाळ्या आतून ओरडला.

आई वळली. भिंत चाचपत गेली आणि त्या खोलीला बाहेरून कडी घातली. मग दाराला पाठ लावून खाली बसली. आतून लाथा सुरू झाल्या. "आई! आई गं, उघड!" प्रत्येक लाथेसरशी तिच्या अंगाला पुढे हिसका बसत होता.

"फोन लाव पोलिसांना," ती मला म्हणाली. "लवकर लाव. माझा काही भरवसा नाही."