बांधावरचं बाबांचं जांभूळ

सावंतकाकांचा फोन आला आणि आई चहा ओतायची थांबली. काका म्हणजे आम्ही मुलुंडला राहायचो तेव्हाचे बाबांचे फिरायला जायचे जोडीदार. "वहिनी, जांभूळ काढायला लागणार. एकदा येऊन बघून जा."

रविवारी सकाळीच बोरिवलीहून रिक्षा केली. तुम्ही जाणार असाल तर सातच्या आत निघा, नाहीतर पवईला वाट लागते. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून अडवलेलं हे छोटंसं तळं. आत जायला पैसे नाहीत, बोटीला मात्र सुट्टे न्या. बाहेर उसळपाव झकास मिळतो.

आत शिरलं की आवाज मऊ होतात. पाण्यावर धुकं होतं, त्यात एक रिकामी बोट आपली आपण फिरत होती. मला उगाच वाटलं, बाबा पलीकडच्या वळणावर असतील, आत्ता येतील. आईलाही तसंच वाटत असावं. ती हळूहळू चालत होती.

इथल्या फिरणाऱ्या मंडळींचा रिवाज असा, की आपल्यातलं कुणी गेलं की त्याच्या नावाने बांधाच्या उतारावर झाड लावायचं. माती मऊ, पाणी जवळ. बाबांचं जांभूळ आता आईच्या खांद्याला लागत होतं. आईने पानं पुसली, अगदी तोंड पुसावं तशी.

"काय वाईट केलंय हो याने?" तिने काकांना विचारलं.

"मुळं बांधात शिरतात, वहिनी. कुजली की पोकळी होते, पाणी तिथूनच वाट काढतं. इंजिनिअर येऊन बघून गेले. बांधावर फक्त गवत पाहिजे म्हणाले. आम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"दुसरीकडे लावा."

"लावू. पण सोटमूळ तुटणार. जगेल असं खोटं कशाला सांगू?"

आई उतार उतरून गेली. मी मागोमाग. बांधाच्या पायथ्यालाच घरं आहेत. एक बाई दारात बसून मुलीची वेणी घालत होती. मुलगी म्हणाली, "आजी, बोटीत बसलात?" आई हसली, वळून वर बांधाकडे बघत राहिली. मला तिचा भयंकर राग आला होता, काकांचा आला होता, बाबांचासुद्धा. झाड तरी राहू द्या ना यार!

वर आल्यावर आई म्हणाली, "काढा. मुळाचा तुकडासुद्धा ठेवू नका."

सोटमूळ तुटलंच. खड्ड्यात माणसं ओलसर माती थराथराने टाकत धुमसाच्या जड ठोकळ्याने चोपत होती, तेव्हा आईने चपला काढल्या आणि शेवटचा थर स्वतः तुडवला. वरून मुळांमातीसकट कापलेली गवताची चापटं बसवली. कुंपणापलीकडे लावलेलं जांभूळ आठवड्यात वाळलं.

पुढे धो धो पाऊस सुरू झाला. रोज आई काकांना फोन करायची, "पाझर नाही ना?" एकदा काकांनी फोटो पाठवला. तळं काठोकाठ, सांडव्यावरून पाणी वाहतंय आणि बांधाचा उतार हिरवागार.

आईने चष्मा लावला, फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला.

"कुठे होतं गो ते?"

मीही शोधलं. सापडेना.

"म्हणजे नीट बुजवलं आपण," आई म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बाबांसाठी मोठ्याने रडली.