खांबावरचे सूर्य-चंद्र

"इंडियन तर तू आहेसच. रेड आम्ही करतो."

असं म्हणत साहेबांनी माझ्या दोन्ही गालांवर लाल पोस्टर कलरची बोटं ओढली. डोक्याला रबरानं कोंबडीची पिसं बांधली. बहारीनमधल्या जनाबियातल्या एका व्हिलाची हिरवळ. शुक्रवारची दुपार. कबाबांचा धूर. सगळे हसले. मीही हसलो. त्यांचं हसणं विसरलो. माझं अजून विसरता येत नाही.

साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याचे. बहारीनचा व्हिसा मला त्यांनीच मिळवून दिला. मी सुरगाण्याकडच्या पाड्यावरचा, कोकणा आदिवासी. आश्रमशाळेत शिकलो, घरातला पहिला बी.ए. फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर क्लार्क होतो. साहेबांचे उपकार विसरायचे नाहीत, असं मनाला रोज बजावायचो. कुणी गाव विचारलं की "नाशिक" म्हणायचो. खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. कागदपत्रांत साहेबांनी माझा जातीचा दाखला पाहिला होता. मला वाटायचं, ते विसरले असतील.

त्या व्हिलातल्या कॅनडियन अधिकाऱ्याला बागेत टोटेम पोल हवा होता. त्यानं कॅलेंडरचं पान दिलं. उंच लाकडी खांब, त्यावर एकावर एक कोरलेले गरुड, अस्वल, देवमासा. आमचे दापोलीचे इब्राहिमचाचा कसलेले सुतार, पण वैतागले.

"दरवाजा सांग, कपाट सांग. हे तोंड माझ्याकडं बघतच नाय रे बाबा!"

मी पटाशी मागितली. चाचा बघत राहिले. "बी.ए.वाल्या, हे कुठं शिकलास?"

मी पटाशी लाकडाला लावली.

माझा बा वाघदेव कोरायचा. सागाच्या फळीवर वाघ, नाग आणि वरच्या अंगाला सूर्य-चंद्र. लहानपणी त्याच्याजवळ बसून मीही लाकूड तासायचो. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला शेंदूर लावून शिवेवर त्याची पूजा व्हायची. वाघानं रानात राहावं, आम्ही पाड्यात. कॉलेजात असताना मित्र घरी येणार होते. मी बाला म्हणालो, "हे ओंडके बंद कर आता. लोक हसतात." त्यानं पटाशी गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकली.

ड्यूटी संपल्यावर महिनाभर मी तो खांब कोरला. गरुडाच्या वर थोडी जागा उरली. तिथं माझ्या हातांनी सूर्य आणि चंद्र काढले. कॅलेंडरात ते नव्हते. खांब उभा राहिल्यावर माझ्या लक्षात आलं. साहेबांना ते कॅलेंडरातलेच वाटले.

तर मी त्या खांबाशेजारी पिसं लावून उभा होतो. "नाच की जरा. तुमच्याकडं नाचतात ना?" साहेब मराठीत म्हणाले. म्हणजे दाखला ते विसरले नव्हते.

पाहुण्यांत एक बाई होत्या. बहारीनच्याच एका हॉस्पिटलात नर्स. त्या हसत नव्हत्या. जवळ आल्या, खांब खालून वरपर्यंत पाहिला. मग इंग्रजीत म्हणाल्या, "मी हायडा जमातीची आहे. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या बेटांवरची. हे खांब आमचे. आमच्यात कुणी असली पिसं घालत नाही."

माझे गाल पेटले.

"तू कुठला?"

"नाशिक."

"ते नाही विचारलं. हे सूर्य-चंद्र कुणाचे?"

मी खांबाच्या टोकाकडे पाहिलं. शेवटी म्हणालो, "माझ्या बापाचे."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी सांगितलं: कॅनडाच्या सरकारनं त्यांच्या लोकांचे सोहळे कायद्यानं बंद केले होते. खांब कापून म्युझियममध्ये नेले, उरलेले गावात कुजले. कोरणारे हात थोडे राहिले. त्यांच्या लहानपणी गावात पुन्हा नवा खांब उभा राहिला. दोरखंड ओढायला अख्खं गाव होतं. त्यांची आजी रडत होती आणि ओढत होती.

मी विचारलं, "आणि हा गरुड? तो मी चांगला कोरलाय ना?"

"चांगला कोरलास. पण तो एका घराण्याचा आहे. तू कुणाला विचारलं नाहीस."

साहेबांनी मला रंग लावला होता. मी काय केलं होतं?

तेवढ्यात कॅनडियन यजमान ग्लास घेऊन आले. त्यांच्या रिफा शहरातल्या मित्राला अगदी असाच खांब हवा होता. साहेब फुलले. "शुअर सर! विथ सन अँड मून!" मग माझ्याकडे वळून, "यल्ला, चल, उद्यापासून लाग."

"नाही."

"काय?"

"नाही करणार, साहेब. गरुड नाही आणि सूर्य-चंद्र पण नाही."

मी पिसं काढून त्यांच्या हातात दिली. खांब उभा करायला पेटी आणि शिडी घेऊन आलेल्या चाचांकडे वळून पटाशी मागितली. त्यांनी पेटी उघडली आणि मूठ माझ्याकडे करून ती दिली. मी शिडीवर चढलो. सूर्य तासला. चंद्र तासला. शेंदूर लागला नव्हता, म्हणून ते अजून देव नव्हते. यजमानांच्या बागेत मी त्यांना देव होऊ देणार नव्हतो.

"जंगली ते जंगलीच!" खालून साहेब ओरडले.

"हो साहेब. जंगलातलाच."

गरुडाची चोच मात्र मला तासता आली नाही. यजमानांनी मला खाली उतरायला लावून शिडी ओढून घेतली. ती चोच तिथंच राहिली, माझ्या हातची चोरी.

माझा व्हिसा वाढवला गेला नाही. पाड्यावर परतलो तेव्हा बाची नजर गेली होती. माळ्यावरचं गोणपाट काढून पटाशी त्याच्या हातात ठेवली. म्हणालो, "शिकव."

त्यानं धार अंगठ्यानं चाचपली. गंज होता. "तूच म्हणालास ना, बंद कर," एवढंच बोलला आणि पटाशी जमिनीवर ठेवून दिली.

त्यानं मला माफ करावं असं मी मागत नाही. मी पटाशी घासायला घेतली आहे. तो सांगेल तर ऐकेन. नाही सांगितलं तर चुकत चुकत कोरेन. शिवेवर वाघदेव उभा राहील आणि तो विकला जाणार नाही. आणि यापुढं माझ्या तोंडाकडे रंग घेऊन येणारा हात मी मनगटाला धरून अडवणार. मग तो हात कितीही उपकाराचा असो.