कमरजहांबाईंच्या घड्याळातले ठोके

विश्रांतवाडीत कमरजहांबाईंचं शिवणाचं दुकान होतं. बत्तीस वर्षं त्यांनी शाळांचे गणवेश बेतले. साखर वाढल्याचं डॉक्टरांनी सांगितलं तशा त्या रोज सकाळी मैदानावर चालायला लागल्या, आणि बंगळूरहून त्यांच्या लेकीनं, मिसबानं, कौतुकानं एक खोकं पाठवलं. तिथून बाईंची मती गुंग झाली.

खोक्यात एक जाडजूड घड्याळ, छातीला बांधायचा पट्टा आणि बुटाच्या नाडीत अडकवायची बोराएवढी डबी. पट्टा हृदयाचे ठोके मोजणार, डबी अंतर मोजणार, आणि दोन्ही ते वायरीशिवाय घड्याळाला कळवणार. मिसबानं फोनवर दोनदा समजावलं. दोन्ही वेळा बाई "हं, हं" म्हणाल्या आणि दोन्ही वेळा त्यांना ओ की ठो कळलं नाही.

मैदानावरच्या गटाला शिकवणारी आम्रपाली मदतीला आली. "काकू, आधी डबी कॅलिब्रेट करू, म्हणजे तिचं माप जुळवून घेऊ. हा ट्रॅक चारशे मीटरचा आहे. दोन राउंड मारा."

बाईंनी दोन फेऱ्या मारल्या. घड्याळ म्हणालं, सातशे दहा.

"मग नव्वद मीटर गेले कुठे?"

"कुठेच नाही गेले. तुमचं पाऊल त्याला अजून माहीत नाही. खरं अंतर आपण सांगायचं, मग ते शिकतं."

"म्हणजे टेप चुकली, तर कापडानं तिला शिकवायचं?"

आम्रपाली हसली, तिनं आठशेचा आकडा भरला. पुढच्या दोन फेऱ्यांना घड्याळानं आठशे तीन दाखवले. बाईंचा संशय उलट वाढला. सांगितलेलंच परत सांगतंय, यात मोजलं काय?

पट्टा त्यांनी एकट्यानंच जोडला. अंगाला लागू नये म्हणून कुर्त्यावरून बांधला, वर ओढणी घेतली, घड्याळाला शोधायला लावलं. 'सापडला' अशी अक्षरं आली, बाईंनी बटण दाबलं. तोवर आम्रपाली ऑफिसला निघून गेली होती, शेजारच्या बाकावरचे एक गृहस्थ सोडले तर मैदान ओस पडलं होतं. बाई बाकावर टेकल्या आणि घड्याळाकडे बघतात तर एकशे अडुसष्ट.

दहा मिनिटं बसल्या. एकशे एकाहत्तर, एकशे एकोणचाळीस, पुन्हा एकशे पंचाहत्तर. त्यांनी मनगटावर बोटं ठेवून मोजलं, तर मिनिटाला जेमतेम ऐंशी. वैतागून पट्टा काढून पिशवीत टाकला. आकडे तरीही पळतच होते. बाई उठून फाटकापर्यंत गेल्या, तशा आकड्याच्या जागी रेघा आल्या. परत आल्या, एकशे सहासष्ट. पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. तेच.

शेजारच्या बाकावरचे ते गृहस्थ म्हणजे रंगनाथ सर. गणिताचे निवृत्त शिक्षक, फटकळ तोंडाचे. त्यांच्या टीशर्टखाली तसल्याच पट्ट्याचा उंचवटा दिसत होता.

"सर, तुम्ही आत्ता पळत होता का?"

"बाई, मला पळताना या मैदानानं अजून पाहिलेलं नाही."

"मग माझ्या घड्याळात तुमचे ठोके पळतायत की काय?"

"पावती असेल तर घड्याळ परत करा."

पण सरांच्या कपाळावर घाम होता, आणि ओठ पांढरट दिसत होते. बाईंनी न विचारताच त्यांचं मनगट धरलं. दोन ठोके घाईघाईनं, मग खंड, मग एकदम चार. ताल असा नव्हताच.

"अहो, हे केव्हापासून?"

"सकाळपासून जरा धडधडतंय. चहा जास्त झाला असेल."

"किती कप घेतलात?"

सरांनी कपाळ पुसलं. "घेतलाच नाही."

बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं. रिक्षा थांबवली, सरांना बसवलं, त्यांच्याच फोनवरून सुनेला कळवलं. दवाखान्यात कार्डिओग्राम काढला. हृदयाची लय बिघडली आहे, डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात; असंच चालू राहिलं असतं तर गुठळी होण्याची भीती होती. सरांना चार दिवस ठेवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्रपालीनं उलगडा केला. पट्टा ओला करून थेट कातडीवर बांधायचा असतो. कोरडा आणि कपड्यावर असल्यानं बाईंचा पट्टा जागाच झाला नव्हता. घड्याळानं मग जवळपास जो जागा होता तो पकडला. प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा नंबर असतो, तो ताडून बघायचा. बाईंनी पट्टा उलटा करून नंबर वाचला. घड्याळातला खरंच वेगळा होता. तो सरांचा नंबर काढून टाकला, पट्टा भिजवून बांधला, आणि पडद्यावर शहाऐंशी उमटलं.

"हे माझेच कशावरून?" बाईंनी विचारलं.

"नंबर जुळलाय ना, काकू."

बाईंनी मान हलवली. पण त्यानंतर कितीतरी दिवस, घड्याळ बघून झालं की त्या बोटांनीही मोजत.

तीन आठवड्यांनी सर मैदानावर आले. बाकाजवळ थांबले, काठी दुसऱ्या हातात घेतली.

"आभार मानायची मला सवय नाही," ते म्हणाले.

"मग नका मानू. अर्धी फेरी मारणार का?"

"डॉक्टरांनी सावकाश सांगितलंय."

"सावकाशच," बाई म्हणाल्या, आणि दोघं चालू लागले.