शेजारणीचं शेत

जवळ सरक अशी. कागदावरून बोलतेय म्हणून लांब बसायचं नाही. आणि आधी बोलणी खा, मग पुढचं. रोह्याहून पेण ते किती लांब गो? गाडीत शेंगदाण्याची पुडी सोडलीस तर ती संपायच्या आत पेण येतं. तरी आली नाहीस. फोनवर मेसेज टाकलास, 'मावशी, यंदा परदेशातल्या महिलांच्या बैठकीला मी चाललेय, तिथे कसं बोलायचं ते दोन मुद्द्यांत पाठवा.' दोन मुद्द्यांत सोलकढी सांगता येते. हे नाही सांगता येत. म्हणून हे एवढं लिहायला बसले, आता वाच सगळं.

मी काही शिकलेली नाही हे तुला माहीत आहे. सातवीतून शाळा सुटली. मग वाण्याच्या पुड्यांचे कागद, पोरांची पुस्तकं, कोर्टाच्या नोटिसा, जे हाताला लागेल ते वाचत गेले आणि लोकांना वाचून दाखवत गेले. रामवाडीत आमच्या बायकांच्या मंडळाची एक खोली होती. हायवेवरून ट्रक गेला की पाण्याचा हंडा वाजायचा. तिथे शहरातल्या एका संस्थेच्या ताई यायला लागल्या. कामसू बाई, चप्पल झिजवणारी. त्यांनी आम्हाला सांगितलं की दर वर्षी परदेशात एक मोठी बैठक भरते. सगळ्या देशांची सरकारं मिळून बायकांच्या हक्कांचा एक कागद लिहितात. त्या कागदात आपलं एक वाक्य घालून घ्यायचं. त्यासाठी सरकारी माणसांना बैठकीबाहेर गाठायचं आणि थोडक्यात गळ घालायची. याला लॉबिंग म्हणतात.

आमच्यातली एक लगेच म्हणाली, "म्हंजे तहसीलदाराला जिन्यात धरतो तसंच ना?"

"तसंच," ताई म्हणाल्या.

"मग त्यात शिकायचं काय? चहाला निघाला की धरायचा. जेवून येताना नाय धरायचा, जेवलेला साहेब झोपेत असतो."

ताईंनी ते वहीत उतरवून घेतलं. खरंच घेतलं.

तेव्हा मागे बसलेल्या एकीने विचारलं, "आन त्या कागदाचं पुढं व्हतं काय?" तीच ही, जिच्यासाठी मी हे लिहितेय.

धरमतरच्या खाडीला लागून तिचं शेत. तू रोह्याच्या आतल्या बाजूची, म्हणून सांगते. आमच्याकडे खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून आत भात पिकवतात. मोठ्या उधाणाला बांध फुटतो, त्याला खांड गेली म्हणतात. खांड भरायला घरटी एक माणूस जातो. ज्या घरात पुरुष नाही, तिथली बाई जाते. त्याच चिखलात कमरेइतकी उभी राहते, तेच चिखलाचे गोळे हातोहात पुढे देते. पण कुठली खांड आधी भरायची हे बांधाची कमिटी ठरवते, आणि कमिटीत बाई बसत नाही. नवरा वारल्यापासून हिच्या बाजूची खांड सगळ्यात शेवटी. खारं पाणी आत राहायला लागलं की आधी भात जातो, मग तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, उगवतात. आणि तिवरं एकदा वाढली की सातबाऱ्यावर नाव असून उपयोग नाही. सरकारने राखलेली झाडं ती, त्यांना कोयता लावायचा नाही, लावलास तर गुन्हा. तिच्या शेताच्या एका कोपऱ्यात तेव्हा बोटभर तिवरं दिसायला लागली होती. तिला एवढंच हवं होतं, ती वाढायच्या आत कमिटीत बसायला मिळावं.

ताई म्हणाल्या, "बांधावर राबणाऱ्या बाईला बांधाच्या निर्णयात जागा, असं वाक्य त्या कागदात गेलं आणि आपल्या सरकारने त्याला हो म्हटलं, की तो कागद घेऊन आपण जिल्ह्याच्या साहेबासमोर उभं राहायचं."

"मग मी येते," ही म्हणाली. दुसरं काही विचारलं नाही.

आता आमची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. खाडीकाठच्या गावांत बाई स्वतःचं गाऱ्हाणं स्वतः सांगत नाही. सांगितलं तर हात पसरला म्हणतात. शेजारणीने सांगायचं. मी तिचं सांगायचं, तिने माझं. पोलीस ठाण्यातही आम्ही अशाच जायचो. मार खाल्लेली गप्प, बरोबरची बोलणारी. आणि चालायचं. फौजदारालाही रीत ठाऊक. तो बोलणारीकडे बघायचाच नाही, गप्प बसलेलीकडे बघून लिहायचा.

ताई म्हणाल्या, तिथे हे चालणार नाही. तिथे 'मी' आणि 'माझं'. ज्याचं सोसणं त्याच्या तोंडून.

तालीम घ्यायला जागा हवी होती. पेणला आणि कुठली जागा मिळणार? माझ्या ओळखीच्या एकाचा गणपतीचा कारखाना होता. सण होऊन गेलेला, पुढच्या वर्षाच्या मूर्ती कच्च्या उभ्या, रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. ताई म्हणाल्या, याच आपल्या परदेशी पाहुण्या समजा. मग बायकांना ऊत आला.

"हा जपान करा. बारीक हाय."

"आपल्या सरकारचा साहेब तो कोपऱ्यातला करा गो, त्याचे कान मोठे हायत."

"कान सगळ्यांचेच मोठे हायत. ऐकतो कुठला ते बघ."

हिची पाळी आली. पदर खोचला, कोपऱ्यातल्या साहेबासमोर उभी राहिली. "साहेब, आमच्या गावात एक बाई हाय..."

"एक बाई नाही. मी," ताई म्हणाल्या.

"साहेब, मी... मी ज्या बाईच्या शेजारी राहते ना, तिचं शेत..."

आम्ही हसून हसून खाली बसलो. तीही हसली. त्या दिवशी ते हसण्यावारीच गेलं.

पुढची शिबिरं रोह्याला झाली, शाळेच्या हॉलमध्ये. तू तेव्हा कॉलेजात असशील. तुमच्याकडच्या कंपनीत कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या बायका शिफ्ट संपवून यायच्या. त्या जिभेच्या धारदार. त्यांनी हिला फैलावर घेतली. एक म्हणाली, "सोताचा नवरा तरी सोताचा म्हनालीस का गो कधी?"

"कुठं म्हनाले? उखान्यात घेतला त्याला."

सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यातच तिला काय झालं कोण जाणे, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "माझं शेत हाय. माझ्या शेतात खारं पानी हाय." टाळ्याच टाळ्या. ताईंचे डोळे भरले. तिचं नाव ठरलं. ती एकटी कशी जाणार, म्हणून सोबतीला माझं.

थंडीचा देश होता. तिथलं वर्णन तुला कोणीही करेल, मी करत नाही. एवढंच सांगते, की गळ्यात कार्ड घालून आम्ही जगभरच्या बायका लांबच लांब पडवीत उभ्या, आणि कागद लिहिणारे दाराआड. बायकांच्या बैठकीतसुद्धा बाया पडवीतच. आत माणूस जाताना दार उघडायचं, जरा ऊब यायची, परत मिटायचं.

ताईंनी खूप धावपळ करून एका देशाच्या बाईसाहेबांची वेळ मिळवली. जमीन आणि पाण्याबद्दलचा भाग लिहिण्यात त्यांचं वजन होतं. दुपारनंतर सरकारी माणसांसमोर काही बायका बोलणार होत्या, ज्यांनी स्वतः सोसलंय अशा. त्यातली एक जागा त्या बाईसाहेब देणार होत्या. चहाच्या वेळेला हातात कप घेऊन त्या आल्या. चांगल्या होत्या गो. घाई केली नाही.

ही बोलली. मी तिला एवढं सुंदर बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खांड कशी जाते, पाणी रात्रीत कसं आत शिरतं, चिखल हातातून हातात कसा येतो, कमिटी पारावर कशी बसते, तिवरं पहिल्यांदा किती कोवळी दिसतात. 'आमच्यात' म्हणत होती, 'बाईला' म्हणत होती. ताई इंग्रजी करत होत्या. बाईसाहेबांचा चहा तसाच राहिला. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं. ताईंनी मराठीत सांगितलं, "त्या विचारतायत, हे शेत तुमचं आहे का?"

ही म्हणाली, "नाय. शेजारनीचं हाय."

मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. म्हटलं, "अगो, तुझं सांग." तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला भर बाजारात पदर पाड म्हटलंय.

ताई खोटं भाषांतर करणाऱ्यातल्या नव्हेत. जे म्हणाली ते त्यांनी सांगितलं, आणि लगेच पुढे सांगितलं की शेत हिचंच आहे, ती लाजतेय. बाईसाहेब हसल्या, पण ते हसू बदललेलं होतं. त्यांना वाटलं, आम्ही हिला पढवून उभी केलीय. आणि पढवली तर होतीच की आम्ही. फक्त जे पढवलं ते तिने सांगितलं नाही, आणि जे खरं होतं ते खोटं ठरलं. त्या म्हणाल्या, मग ज्यांचं शेत आहे त्यांना आणायला हवं होतं. हात मिळवला आणि गेल्या.

ती जागा दुसऱ्या एका देशातल्या बाईला मिळाली. तिचंही दुःख खरंच होतं, मी तिला नावं ठेवत नाही. तिच्या गावाकडे 'माझं' म्हणायला लाज वाटत नसेल, एवढंच.

इमारतीबाहेर बाक होता. तिथे बसून आम्ही घरून नेलेला चिवडा खाल्ला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी विचारलं, "का गो असं केलंस?"

"एवढ्या लांब येऊन सोताचंच मागायचं, काकी? लोक काय म्हनतील?"

"कुठले लोक? आपल्याकडचं इथं होतं कोण?"

"तू व्हतीस ना."

मी उरलेला चिवडा पुडीत बांधला.

कागद झाला. ताईंनी मराठी करून पाठवला. बांध नाही, कमिटी नाही, राबणारी बाई नाही. 'किनारपट्टीवरील महिलांचा अर्थपूर्ण सहभाग' असं काहीतरी होतं. तरी मी तो घेऊन जिल्ह्याच्या ऑफिसात गेले. साहेब तरुण होता, वाचून बघितलं त्याने. म्हणाला, "आजी, यात बांध कुठे आहे? हे तर जगातल्या सगळ्या किनाऱ्यांबद्दल आहे." खोटं नाही बोलला तो.

पुढच्या मोठ्या उधाणाला तीन ठिकाणी खांड गेली. कमिटी बसली. हिची शेवटी. ही तरी चिखल द्यायला गेली, दुसऱ्यांच्या खांडी भरल्या. आपल्या खांडीचं विचारायला मला घेऊन गेली, आणि मी रीतीप्रमाणे तिच्या वतीने बोलले. कमिटीतला एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "तिकडून परदेशातून आनला असंल ना चिखल? तोच टाका." पारावरचे सगळे हसले. ही मान खाली घालून उभी होती. मी चार शब्द ऐकवले, पण शब्दांनी खांड भरत नाही.

आता तिथे तिवरं डोक्याच्या वर गेलीत. बगळे बसतात. पाहुण्यांना सुंदर दिसतं.

संस्थेचा एक चकचकीत अहवाल निघाला. त्यावर तिचा फोटो होता, गळ्यात कार्ड घातलेला. आत लिहिलं होतं की ग्रामीण महिलांमध्ये आत्मविश्वासाची कमतरता जाणवते, अधिक प्रशिक्षणाची गरज आहे. ते वाचून मी अहवाल पालथा ठेवला. उधाणाच्या पाण्यात कमरेइतकी उभी राहणारी ती, तिला कोण आत्मविश्वास शिकवणार? तिला लाज होती. जिच्यावर सगळं गाव एकमेकींचं दुःख वाहून नेत आलं, ती लाज. त्या पडवीत या लाजेला किंमत नाही, कारण तिथे प्रत्येकीने आपलं दुःख आपल्या डोक्यावर घेऊन यायचं असतं. संस्थेने मला पुढच्या शिबिरांत शिकवायला बोलावलं होतं. ताई स्वतः आल्या होत्या, माझ्या ओट्यावर बसून रडल्यासुद्धा. मी नाही गेले. काय शिकवू? लाज सोडा म्हणून सांगू? मग पोलीस ठाण्यात मार खाल्लेलीसाठी बोलायला कोण जाणार?

तू जा. तुला अडवत नाही. तुला 'माझं' म्हणता येतं, कंपनीच्या गेटवर म्हणताना मी तुला बघितलंय. म्हण तिथे, न लाजता म्हण. त्या कागदात एखादं वाक्य घालूनही ये. मला त्याची आशा उरली नाही, पण तुझी आशा तू माझ्यासाठी मोडू नकोस.

एक सांगायचं राहिलं. शेत गेल्यावर ती गाव सोडून तुमच्या रोह्याला आली. कंत्राटावर आहे, स्टेशनापासून जवळ चाळीत भाड्याने राहते. तुझ्या मेसेजमधला पत्ता आणि तिची चाळ एकाच रस्त्याला लागतात. मी दोनदा गेले. दार अर्धं उघडून म्हणाली, "शिफ्ट हाय काकी, उशीर व्हतोय." पायात चप्पल नव्हती तिच्या. माझं तोंड बघितलं की तिला तो बाक आठवत असेल, ती पडवी आठवत असेल. मी गेले की ती आणखी मिटते, म्हणून आता जात नाही.

तुला ती ओळखत नाही, तुझ्याशी बोलेल. तिच्याकडे जा, बस, शेताचं काही विचारू नकोस. आणि परदेशी जायच्या आधी, येत्या रविवारी जमलं तर रविवारी, दोघी सकाळच्या गाडीने पेणला या. मी रामवाडीतच आहे, तीच खोली, तोच ट्रकांचा आवाज. तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी करून ठेवते. ती नाही म्हणाली तर तू एकटी ये. पण तिला विचार. उशीर करू नकोस गो, लवकर ये.