फक्कीचं घर

घर विकत मिळतं, पण आपलं घर बांधावंच लागतं, असं मी मानत असे. प्लॉटवर मिस्त्रीने चुन्याच्या फक्कीने खोल्या आखल्या, तेव्हा मी दाराच्या जागेतूनच आत गेलो. बायको भिंत ओलांडून थेट स्वयंपाकघरात पोहोचली.

"अहो, इथे मी तरी मावेन, नाहीतर कुकर तरी. त्यापेक्षा परवा पाहिलेला तो तयार फ्लॅट बरा. संध्याकाळपर्यंत कळवायचंय त्यांना."

"भिंती चढल्या की मोठं दिसेल."

"भिंतींनी जागा वाढते होय? शाळेत मुलांना हेच शिकवत होतात?"

खरं तर आभाळाखाली कुठलीही खोली लहानच दिसते. ऐसपैस वाटायला माणसाला चारही बाजूंनी अडवावं लागतं.

संध्याकाळी आम्ही फ्लॅटला होकार कळवला. त्याचं स्वयंपाकघर या आखणीपेक्षा हातभर लहान आहे.